निरोप्याची भाकरी

तिसरी मेंढी अजून जिवंत होती. मागच्या दोन्ही पायांच्या शिरा कापल्या होत्या, तरी ती पुढच्या पायांवर उठू पाहायची आणि दर वेळी तोंडावर पडायची. बाकिस सेद्दाने तिची मान गुडघ्यांत धरली, कमरेचा सुरा काढला आणि तिला सोडवलं. मग सुरा गवताला पुसून तो उभा राहिला. दोन आधीच मेल्या होत्या. चोरायच्या असत्या तर नेल्या असत्या; हे चोरीचं काम नव्हतं.

"कोर्रियासांचंच काम," झुआन्ने म्हणाला. बाकिसचा एकोणीस वर्षांचा मुलगा, आता एकुलता एक. "बाबा, आणखी किती दिवस हातावर हात धरून बसायचं?"

"तुझी आई जिवंत आहे तोवर."

"आणि त्यांनी उद्या माझ्या पायाच्या शिरा कापल्या तर?"

बाकिसने वळून त्याच्या तोंडात मारली. मेंढ्यांचं रक्त पोराच्या गालावर उमटलं. "असलं अभद्र परत बोलू नकोस," तो म्हणाला आणि कातडी सोलायला बसला. मेलेली असली तरी मेंढी ती मेंढी. मांस टाकून देण्याइतका श्रीमंत राग त्याला परवडणारा नव्हता.

इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या त्या डोंगरात वैर वडिलोपार्जित जमिनीसारखं चालत येतं. सेद्दा आणि कोर्रियास यांचं वैर कुठल्याशा पाणवठ्यावरून सुरू झालं म्हणतात. तो पाणवठा आटून तीस वर्षं झाली होती, वैर मात्र बारमाही वाहत होतं. दोन वर्षांपूर्वी बाकिसचा थोरला, आंतिओको, ओर्गुई गावाच्या वरच्या ओढ्यावर भर दुपारी मारला गेला. बाकिस तेव्हा वर मेंढवाड्यात होता. त्याने दुनळी बंदुकीचे दोन आवाज ऐकले, लागोपाठ, आणि थोड्या वेळाने गावातली घंटा. कोणी शिकारीला गेलं असेल असं म्हणून तो धारा काढत राहिला. ओढ्यापाशी पोराचा जीव जात होता आणि बाप बादलीत दूध पिळत होता. हे त्याने स्वतःला कधी माफ केलं नाही.

त्या गावात अशा पोराची आई रक्ताळलेला सदरा खुंटीला टांगून ठेवते, सूड घेतला जाईपर्यंत. बाकिसच्या बायकोने, माल्लेनाने, तो सदरा धुतला. तीन पाण्यांतून काढला, वाळवला, घडी घालून पेटीत ठेवला. बायकांनी तोंडाला पदर लावले. "रक्त थंड आहे हिचं," म्हणाल्या. तिने ऐकून घेतलं आणि नवऱ्याचा हात झुआन्नेच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. "मला एक पोरगा उरलाय," ती म्हणाली. "तुमची इज्जत मला नको. पोरगा हवाय." बाकिसने बंदूक तेलकट फडक्यात गुंडाळली आणि मेंढवाड्याजवळच्या ओकच्या ढोलीत घातली. फेकून नाही दिली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

मेंढ्या कापल्या ते एकोणीसशे एकोणसत्तरचा शरद होता, आणि त्याच शरदात एक नवल सुरू झालं. कालियारीचा फुटबॉलचा संघ जिंकायला लागला. बेटावरचा संघ, समुद्रापलीकडच्या बड्या शहरांना त्यांच्याच मैदानात लोळवायचा. तिकडचे प्रेक्षक "मेंढपाळ! दरोडेखोर!" असं ओरडायचे, आणि मग तो अकरा नंबरवाला डाव्या पायाने असा चेंडू हाणायचा की ओरडणाऱ्यांची दातखीळ बसायची. ओर्गुईतल्या माणसांना इटलीच्या सरकारने काही दिलं असेल तर पोलीस आणि कर. हे पहिल्यांदाच काहीतरी परत घेणं चाललं होतं.

रेडिओ गावात मोजून चार. त्यातला मोठा गुत्त्यात. रविवारी दुपारी तिथे सगळे जमायचे, कोर्रियास या भिंतीला, सेद्दांच्या बाजूचे त्या भिंतीला. कोणी ठरवलं नाही, पण बंदुका घरी राहू लागल्या. रविवारी वैर नाही. सोमवारचं सोमवारी बघू.

डिसेंबरात एका रविवारी बाकिस पोराला बोलवायला गुत्त्यावर गेला आणि दारातच थबकला. आत झुआन्ने आणि प्रेदू कोर्रियास समोरासमोर उभे होते. प्रेदू म्हणजे कोर्रियासांच्या म्हाताऱ्या बोबोरेचा धाकटा, तेवीस वर्षांचा. प्रेदूचा ओठ फाटला होता, झुआन्नेच्या हातात फुटकी बाटली होती.

"ये ना, शेळीच्या," प्रेदू म्हणत होता. "बाटली काय दाखवतोस? बापाला विचारून आलास का?"

"तुला मारायला परवानगी लागत नाही. डुकराला मारायला कोणी विचारतं का?"

झुआन्ने पुढे झाला. बाटलीची कड प्रेदूच्या गळ्यापासून वीतभरावर आली. एवढ्यात रेडिओ किंचाळला. कालियारीचा गोल. गुत्त्याचं छत उडालं म्हणा ना! माणसं टेबलांवर चढली, ग्लास भिंतींवर फुटले आणि त्या गदारोळात बाकिसने पाहिलं की बाटली खाली पडली आहे आणि त्याचा पोरगा प्रेदू कोर्रियासच्या गळ्यात पडून नाचतो आहे. प्रेदूच्या ओठाचं रक्त झुआन्नेच्या कॉलरला लागलं होतं. दोघांच्या हे ध्यानात आलं तेव्हा ते इंगळी डसल्यासारखे बाजूला झाले. सगळा गुत्ता हसला. म्हातारा बोबोरेसुद्धा.

बाकिस हसला नाही. गावाबाहेर येताच त्याने पट्टा काढला आणि पोराला रस्त्यातच फोडून काढलं. झुआन्नेने हात वर केला नाही.

"भावाच्या खुन्याच्या गळ्यात पडतोस?"

"त्याने नाही मारलं!" झुआन्ने ओरडला. "आंतिओको मेला तेव्हा प्रेदू फौजेत होता, पार आल्प्सच्या पायथ्याशी. मारणारा त्याचा चुलतभाऊ. तो जर्मनीला पळाला, खाणीत दबून मेला. हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक आहे. तुम्हाला नाही, कारण तुम्ही दोन वर्षं मेंढ्यांशिवाय कोणाशी बोलला नाहीत."

बाकिसचा पट्टा हातातच राहिला. खुनी आधीच मेला होता, आणि याचं सुख होण्याऐवजी त्याला आपली कोणीतरी चोरी केल्यासारखं वाटलं. पण त्या दिवसानंतर त्याच्या मनातली गाठ जराशी सैल झाली हेही खरं. मेंढ्या पुन्हा कापल्या गेल्या नाहीत. जानेवारीत प्रेदू वाटेत भेटला तेव्हा त्याने टोपीला हात लावला, आणि बाकिसने मान फिरवली नाही. त्या गावात एवढंही पुष्कळ होतं.

एप्रिलच्या त्या रविवारी कालियारी जिंकली तर विजेतेपद पक्कं होणार होतं. झुआन्ने सकाळीच मेंढवाड्यातून निघाला. स्वतःचा छोटा ट्रान्झिस्टर त्याने बापाच्या हातात ठेवला.

"सेल जरा उतरलेत. सांभाळून वापरा. जिंकलो की मी धावत येतो सांगायला. भाकरी तयार ठेवा, निरोप्याची."

बाकिस हसला. डोंगरातली रीत होती ती. मेंढवाड्यावर शुभवार्ता घेऊन येईल त्याला भाकरी आणि चीजचा तुकडा द्यायचा, रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. ती भाकरी कोणी खाल्ली की त्या घराने त्याच्यावर हात उचलायचा नाही, मग तो कोणीही असो. झुआन्ने जन्मला तेव्हा गावातून धावत आलेल्या माणसाला बाकिसने चीजचा अख्खा गड्डा दिला होता.

"तू घरचाच. तुला कसली भाकरी?" तो म्हणाला. तरी पोरगा गेल्यावर त्याने भाकरी आणि चीज झोळीत घालून ठेवलंच.

दुपारी त्याने ट्रान्झिस्टर लावला. खेळाचा दुसरा भाग सुरू होत होता. कालियारी एक गोलने पुढे, अकरा नंबरवाल्याने डोक्याने मारलेला. बाकिसने एकट्यानेच हवेत मूठ उगारली आणि मग मेंढ्यांकडे बघून ओशाळला. पाचेक मिनिटांत आवाज बारीक झाला, खरखरला, गेला. त्याने सेल काढून चुलीजवळच्या गरम दगडावर ठेवले, पुन्हा बसवले. दोन शब्द आले आणि परत मुकाट. तो दारात उभा राहून खाली बघत राहिला. गाव टेकडीच्या आड होतं. वारा नव्हता.

आणि मग आले ते दोन आवाज. दुनळीचे, लागोपाठ. त्यामागे काहीच नाही.

बाकिसने स्वतःला समजावलं, सामना संपला असेल, आनंदाने कोणी उडवले असतील. पण आनंदाने उडवतात तेव्हा पन्नास उडतात. लग्नात, जत्रेत त्याने ऐकलं नव्हतं का? हे दोनच. तो थांबला. शंभर आकडे मोजावेत इतका थांबला. मग घंटा सुरू झाली. थेट तशीच. दोन आवाज, मग घंटा. त्या वेळी तो धारा काढत बसला होता.

मागाहून सगळं कळलं तेव्हा ते साधंच होतं. शिट्टी वाजायच्या आधीच दुसरा गोल झाला आणि बंदूक सोबत आणलेल्या एका उतावळ्याने गुत्त्याच्या दारात दोन्ही नळ्या रिकाम्या केल्या. बाकीचे शिट्टी झाल्यावर बंदुका आणायला घरी पळाले. घंटा गावातल्या पोरांनी ओढली. रविवारी बंदुका घरी ठेवायची ती चांगली सवय, तीच घात करून गेली.

बाकिसने ढोलीतून बंदूक ओढली, फडकं टाकलं, काडतुसं भरली. झोळी सवयीने खांद्याला अडकली. शपथ त्याला आठवली. ज्या डोक्यावर हात ठेवून ती घेतली होती तेच आता उरलं नसेल तर शपथ कसली! तो उतारावरून धावत सुटला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस दगडांवरून घसरत होता, गुडघे फुटत होते, आणि तोंडाने एकच चाललं होतं, "या वेळी नाही, या वेळी नाही."

ओढ्यापाशी तो पोहोचला तेव्हा वळणावरून प्रेदू कोर्रियास वर येत होता. धावतच. गळ्यात संघाच्या रंगांचं लाल-निळं फडकं, खांद्याला बंदूक, चेहरा पेटलेला. बाकिसला बघताच त्याने एक हात वर केला आणि काहीतरी ओरडला. बर्फ वितळून ओढा गर्जत होता. आंतिओको पडला होता तो चपटा दगड दोघांच्या मध्ये होता.

बाकिसने दोन्ही नळ्या झाडल्या.

प्रेदू मागे उडाला, दगडावर बसला, मग आडवा झाला. पोटाला दोन्ही हातांनी धरलेलं, बोटांतून रक्त. बाकिस जवळ गेला. मारलेल्याच्या डोळ्यांत बघायचं असतं, असं त्याच्या बापाने शिकवलं होतं. त्या डोळ्यांत नुसतं आश्चर्य होतं.

"दोन-शून्य, काका," प्रेदू म्हणाला. "जिंकलो आपण."

"झुआन्ने कुठाय?"

"मागून येतोय. दारू घेऊन." त्याने श्वास ओढला. "मी म्हटलं, मीच सांगतो. तू सांगितलंस तर नुसती बातमी. मी सांगितली तर..."

ते वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. बाकिसला ते पुरं कळलं होतं. त्याने प्रेदूची बंदूक उघडली. दोन्ही नळ्या रिकाम्या, उडवलेल्या. ते दोन आवाज हिचेच होते. खिशात एक काडतूस नाही.

तेवढ्यात खालून गावाचा आवाज आला. बाकिसचे दोन बार तिथे ऐकू गेले होते. 'डोंगरालाही बातमी पोहोचली' असं वाटून गावाने उत्तर दिलं. दहा, वीस, पन्नास बंदुका एकदम. सगळं खोरं दणाणत राहिलं.

झुआन्ने वळणावर आला तो गात होता. बापाला पाहिलं, मग दगडाकडे पाहिलं. दारूची सुरई त्याच्या हातातून सुटली. तो प्रेदूजवळ बसला, त्याचं तोंड हातांत धरलं, हाका मारल्या.

"मला वाटलं तुला मारलं," बाकिस म्हणाला.

"बाबा, त्याला भाकरी खायची होती. रस्ताभर तेच बोलत होता. बाकिसकाकाच्या हातची भाकरी खातो आणि आमच्या म्हाताऱ्याला सांगतो, आता संपलं."

"ऐक. गावात जाऊ नकोस."

"काय केलंत हे? काय केलंत?"

"ऐक म्हणतो ना! अजून त्यांना माहीत नाही. पलीकडच्या उताराने मोठ्या रस्त्याला लाग. आज कालियारीकडे गाड्याच गाड्या जात असतील, कोणीही घेईल तुला. तिथून बोट. परत येऊ नकोस. मी मेल्यावरसुद्धा येऊ नकोस."

"आणि आई?"

माल्लेनाने एकच मागितलं होतं, आणि ते बाकिसने स्वतःच्या हाताने घालवलं होतं. पोरगा जिवंत होता, पण आता तो तिला कधी दिसणार नव्हता. "आईला मी सांगेन," तो म्हणाला.

झुआन्ने उठला. त्याने बापाला मिठी मारली नाही, पाया पडला नाही. प्रेदूच्या गळ्यातलं लाल-निळं फडकं सरळ केलं, ओढा ओलांडला आणि झाडीत शिरला. बाकिस तो दिसेनासा होईपर्यंत बघत होता, आणि नंतरही.

मग त्याने बंदूक मोडून दूर ठेवली. हात ओढ्यात धुतले, कोपरापर्यंत, जेवायला बसताना धुवावेत तसे. झोळी उघडली. सुऱ्याने चीजचा तुकडा कापला, मोठा, पाहुण्याला देतात तेवढा. भाकरीवर ठेवला आणि ती भाकरी प्रेदूच्या हाताजवळ दगडावर मांडली.

एक मुंगी चीजवर चढली. बाकिसने ती बोटाने अलगद बाजूला केली आणि तो राखण करत बसला. खाली गावात अजून बार उडत होते. बराच वेळ कोणी वर आलं नाही.