दोन डाव्या बाह्या

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कागद कापायची नव्हे, शिंप्याची. लोहाराने मला तापवून, ठोकून घडवलं, धारवाल्याने पाती घासली, आणि एका तरुण शिंप्याने मला विकत घेतलं. त्याचं दुकान माझ्यापासूनच सुरू झालं. नंतर मशीन आलं, आरसा आला, पाटी आली. तो मात्र सगळ्यांना सांगायचा, "दुकान या कात्रीचं आहे, मी नोकर." त्यामुळे मी थोडी शेफारले, हे खरं आहे.

दुकानाचा एक नियम होता. कात्री दुकानाबाहेर जायची नाही. काम संपलं की मला तेलाचं फडकं लागायचं आणि भिंतीवरच्या खिळ्यावर माझी जागा ठरलेली असायची.

पुढे शिंप्याचा हात थरथरू लागला. मी खणात पडले, बटणांच्या डब्यांखाली. पात्यांवर गंज चढला. कुणीतरी माझ्या पात्याने डब्याचं झाकणही उचकटलं. तो अपमान मी विसरलेले नाही. मग शिंप्याची भाची कामाला आली. तिने मला शोधून काढलं, धार लावून आणली आणि मामाच्या हाताखाली कापड बेतायला शिकली. हळूहळू गिऱ्हाईकं तिचंच नाव काढू लागली. तेव्हापासून तिच्या मनात स्वतःच्या दुकानाचं घोळू लागलं.

पलीकडच्या गल्लीत एक गाळा रिकामा झाला. गाळेवाल्या बाईंनी तिला सांगितलं, "संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळव. दुसरा एकजण मागतोय." नवरा म्हणाला, "तू ठरव, मी आहे." पण मामाला सांगायचं कसं? त्याचा हात असा, आणि आपण निघून जायचं? शिवाय तिथे पाठीशी कुणी नाही. ती दिवसभर जीव मुठीत धरून वावरत होती. फोन टेबलावर माझ्याशेजारीच पडला होता आणि ती सारखी त्याच्याकडे बघत होती.

नेमकं त्याच दिवशी पोस्टमनकाकांचा कोट बेतायला घेतला. काका निवृत्त होणार होते. सगळा जन्म गणवेशात गेला, आता सहकाऱ्यांनी वर्गणी काढून कोटाचं कापड दिलं होतं. परवाच्या निरोप समारंभात तो घालायचा होता. कापड बेताचंच होतं, म्हणून भाचीने ते दुहेरी न घालता एकेरी पसरलं. असं बेतताना एक बाही कापली की कागदी नमुना उलटा करून दुसरी आखावी लागते. पहिली बाही झाली. तेवढ्यात फोन थरथरला, गाळेवाल्या बाईंचा. तिने पाहिलं, उचलला नाही, आणि नमुना तसाच ठेवून पुन्हा आखलं.

मला कळत होतं. माझी पाती जड झाली. पण मित्रांनो, कात्रीला दोन पाती असतात, जीभ नसते. तिने मला चालवलं आणि मी चालले.

बाह्या जोडीने ठेवल्या तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. दोन्ही डाव्या. कापड दोन्हीकडून सारखं असतं तर एक उलटून भागलं असतं, पण याला एकाच बाजूने चमक होती. तिने मला खाली ठेवलं. 

मामा उठून आला. बघितलं. "कापड कमी आलं होतं म्हणून काकांना सांगू. फोन दे, मी बोलतो."

सगळे शिंपी हेच सांगतात. ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

"नको मामा. चुकले मी. मीच सांगते."

"इथे चुकलीस तर बोलणी खायला मी आहे. गाळ्यात कोण असेल?"

ती चपापली. "तुला कुणी सांगितलं?"

"गाळेवाल्या बाईंचे ब्लाउज कोण शिवतं? मला काय कळत नाही?"

 तिचे डोळे भरून आले होते, ते तिने स्वतःच्या बाहीने पुसले आणि फोन लावला. तो गाळेवाल्या बाईंना नव्हता.

"काका, तुमची बाही माझ्या हातून चुकली. कापड पुरेसं होतं, चूक माझी आहे. उरलेल्या तुकड्यांतून जोडून उजवी बाही करता येईल. काखेखाली सांधा येईल. शिलाई घेणार नाही. तसं नको असेल तर कापड भरून देते."

 मामा मशीनला धरून उभा होता.

"सांधा लोकांना दिसेल?"

"हात वर केलात तर."

"निरोपाला कोण हात वर करतंय? करा. पण परवा सकाळी मला कोट हवा."

तिने फोन ठेवला. मागे काहीतरी कुरकुरलं. मामा पक्कड घेऊन भिंतीतला माझा खिळा उपटत होता. थरथरत्या हाताने त्याला तो लवकर निघेना. निघाल्यावर त्याने मला फडक्यात गुंडाळलं, खिळाही त्यातच ठेवला, आणि सगळं तिच्या पिशवीत घातलं.

"कोट तिथेच शीव. तुझ्या दुकानातला पहिला कोट. खिळा नव्या भिंतीत ठोक."

"आणि तू?"

"मी काजं-बटणं करीन. त्याला छोटी कात्री पुरते. आता त्या बाईंना फोन कर, ताटकळल्या असतील."

आज मी नव्या भिंतीवर आहे, जुन्याच खिळ्यावर. मामा येतो, कोपऱ्यात बसून काजं करतो आणि भाचीच्या कामात नाक खुपसतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कात्री असेल तर तिला अधूनमधून तेल लावा. तिने डबे उचकटू नका. आणि कधी हात चुकलाच, तर कापड कमी होतं असं सांगू नका. कापड बहुतेक वेळा पुरेसं असतं.