बाटली कोणाची?

बाबांचा दरबार भरलेला, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी लघवीच्या बाटलीत चमचाभर पिवळं तीर्थ ओतलं आणि बाटली लालभडक झाली.

"लघवीला आग, अंगात ताप! परपुरुषाचा स्पर्श आहे हा!" बाबा कडाडले.

सगळ्या माना नवरा-सासूसोबत आलेल्या आजारी सुनेकडे वळल्या. शिलाई मशीनवर घर चालवणारी बाई ती. नवऱ्याने नजर खाली घातली. सासू म्हणाली, "उद्याची बाटलीही लाल झाली, तर माहेरची वाट धर."

लॅबने याआधी 'नमुना दूषित, पुन्हा द्या' असं कळवलं होतं. सासूने तो औषधाच्या विसळलेल्या बाटलीतून पाठवला होता. वर टोमणा: "एवढी मशिनं, तरी सांगता येईना. बाबा क्षणात सांगतात!"

सून हॉलमधून थेट लॅबमध्ये गेली. डॉक्टरीणबाईंनी दोन निर्जंतुक डब्या दिल्या. "स्वच्छ धुऊन घे, पहिली धार सोड, मधली धर. एक डबी आत्ता दे." बाबांचं सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "बाटली कोणाची होती?"

"बाबांचीच. उद्यासाठीही एक दिलीय."

"मग उद्या तिच्यात नळाचं पाणी भर, आणि दुसऱ्या डबीत तुझी लघवी."

दुसऱ्या दिवशी बाटली पुन्हा लाल झाली. "पाप उतरलं नाही!" बाबा गरजले.

सून उठली. अंगात ताप होता. आवाज मात्र खणखणीत होता. "बाबा, हे नळाचं पाणी आहे. नळाचं कोणाशी जमलंय, तेही सांगा की!"

हॉलमध्ये हशा पिकला. तिने दुसऱ्या डबीतल्या स्वतःच्या लघवीत तेच तीर्थ ओतलं. डबी पिवळीच राहिली.

सोबत आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीर्थ म्हणजे हळदीचं पाणी. बाटलीला आतून धुण्याचा सोडा फासलेला. सोडा लागला की हळद लाल होते. ज्याला बरं झालं म्हणायचं, त्याला कोरी बाटली."

"लॅब काय चुकत नाही?" सासू पुटपुटली.

"चुकते, आजी. म्हणून तर नमुना पुन्हा मागितला. जंतू वाढवून बघायला दोन-तीन दिवस लागतात. ताप आहे म्हणून औषध आजच सुरू करू, रिपोर्ट आला की गरज पडल्यास बदलू. आणि असले जंतू लहान पोरींच्या लघवीतही सापडतात. चारित्र्य कुठल्याच मशीनवर दिसत नाही."

नवरा हळूच म्हणाला, "चल घरी."

"आधी सांग, मी काय केलं होतं?"

"काही नाही."

"मोठ्याने. काल सगळ्यांनी ऐकलं, आजही ऐकू दे."

"काही नाही केलंस!"

लघवीला आग होत असेल तर डॉक्टरांकडे जा, नमुना नीट द्या, रिपोर्टसाठी थांबा. कधीच न चुकणारी चाचणी कोणी दाखवली, तर तिथून उठा. उठताना दोन प्रश्न विचारा, मोठ्याने: बाटली कोणाची? आणि मी काय केलं होतं?