लांडगेपावलाचा काढा

सांगतो, पण पैज लावून सांगतो, तुमच्यातला एकही जण यावर विश्वास ठेवणार नाही. आमच्या तरुणपणी सावा नदीवरचे डास माणसाची टोपी उचलून नेत आणि मापाची नसली तर परत आणून देत, हे तुम्ही मुकाट्यानं ऐकून घेता. पण याच गावात माणसाच्या कमरेतून रोग लालभडक होऊन कपड्यावर उतरायचा आणि तो बघायला आसपासची गावं लोटायची, हे खरं घडलेलं सांगितलं की म्हणाल, बार्तोल म्हातारा पहिल्या धारेची प्यायला. म्हणा. भट्टी पेटली आहे, आलुबुखारे रटरटतायत, धार पडायला वेळ आहे. आणि पाव्हो, साखरेच्या आजारावर शहरातून आणलेली ती पुडी जरा खिशातच राहू दे. आधी ऐक.

त्या वर्षी वसंतात शिमूनच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. बैलगाड्या, ट्रॅक्टर, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन आलेले मुलगे. मध्यभागी एक बाक. रोग्यानं सदरा वर करून बाकावर पालथं पडायचं. शिमून पांढरीशुभ्र दाढी कुरवाळत यायचा, काचेच्या बाटलीतली मंतरलेली दारू कमरेवर शिंपडायचा, डोळे मिटून मारियामातेला हाक घालायचा आणि बर्फासारखा पांढरा कपडा त्या कमरेवरून फिरवायचा. कपडा उचलला की चेरी ठेचल्यासारखा लाल.

"बघा," शिमून कपडा फडकवायचा. "मूत्रपिंडातली सगळी घाण. रक्ताचा थेंब नाही, निव्वळ पाप. कुणाचं पाप, ते मी विचारणार नाही."

बायका क्रूस करायच्या. मग तो वाळलेल्या पानांच्या जुड्या काढायचा. "मातेनं स्वप्नात हे पान माझ्या हातावर ठेवलं. आकार बघा. मूत्रपिंडासारखा की नाही? देव उगाच आकार देतो का? अक्रोड मेंदूसारखा, म्हणून मेंदूला. गाजर कापा, आत डोळा दिसतो, म्हणून डोळ्याला."

"आणि भोपळा कशाला?" कुंपणावर बसलेल्या कुणीतरी विचारलं.

"तुझ्या डोक्याच्या जागी," शिमून म्हणाला, आणि अंगण खदखदलं. जीभ होती मेल्याला.

त्या गर्दीत टेना नवऱ्याचा दंड धरून उभी होती. हसली नाही. तिचा आदम एकेकाळी गव्हाचं पोतं काखेत मारून चालणारा गडी. आता चेहरा मेणासारखा पिवळा, तळहात जुन्या तांब्यासारखे, आणि अंगणापर्यंत येताना दोनदा कुंपणाला टेकलेला. ही चिन्हं गावात कुणाला नवी नव्हती. आमच्याकडे काही घरांत माणूस चाळिशीच्या पुढे सरकला की असाच वाळत जायचा. आग नाही, दुखणं नाही, नुसती दिव्यातली वात खाली खाली जावी तसा. रोग घर धरून बसायचा, लोक म्हणायचे रक्तातला शाप. एका कुंपणाच्या अलीकडे शवपेट्या, पलीकडे नव्वदीचा म्हातारा सिगारेट ओढत बसलेला. आदमचा बाप असाच गेला, आईही तशीच गेली. असल्या घरात मुलगी देताना मुलीची आई लग्नाच्या आधीच रडून घ्यायची. टेनाच्या आईनंही रडून घेतलं होतं. टेना म्हणाली होती, "रड तू. मी आदमशीच करणार."

पहिल्या दिवशी आदमचा कपडा बीटाच्या रसात बुडवल्यासारखा निघाला. शिमूननं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सूनबाई, घाबरू नकोस. दिवसातून तीनदा काढा पाज. पुढच्या वेळी कपडाच तुला सांगेल. आणि एक, त्या शहरातल्या मूतवालीला काही द्यायचं नाही. माता रुसते."

मूतवाली म्हणजे डॉक्टर नेव्हेंका. वर्षानुवर्षं यायची बिचारी. विहिरीचं पाणी भर, शेतातली माती भर, आणि घरोघरी बाटल्या वाटून लोकांचं मूत गोळा कर. आम्ही तिला काय काय छळलं. एकानं तिला बाटलीत बैलाचं भरून दिलं. तिनं पुढच्या आठवड्यात येऊन सांगितलं, "तुमची तब्येत उत्तम आहे, फक्त गवत जरा कमी खा." पण काय मिळालं तुम्हाला, असं विचारलं की म्हणायची, "अजून ठाऊक नाही." आता सांगा, एकीकडे "अजून ठाऊक नाही" म्हणणारी बाई आणि दुसरीकडे कपडा लाल करून दाखवणारा बाबा. माणूस कुणाच्या दारात जाईल?

टेना शिमूनच्या दारात गेली. डुकराची मांडी दिली, हंस दिले, आईनं दिलेली भरतकामाची चादर दिली. काढा कडूजहर. आदम पहिला घोट घ्यायचा आणि कप ठेवून द्यायचा. "यापेक्षा रोग गोड आहे ग." मग टेना त्यात मध घालू लागली. बाभळीच्या फुलांचा, घरच्या पोळ्यांचा. लहान मुलाला भरवावं तशी समोर बसायची. "एवढा घोट. माझ्यासाठी." तिच्यासाठी तो घ्यायचा.

आणि कपडा खरंच फिका होत गेला. बीटाचा चेरी झाला, चेरीचा गुलाबी. टेना ते कपडे मागून आणायची आणि स्वयंपाकघरात दोरीवर ओळीनं लावायची. "बघ, उतरतंय." आदम बघायचा. त्याला जिना चढवेना, ओठांना राख लागल्यासारखी दिसे, पण दोरीवरचा शेवटचा कपडा जवळजवळ पांढरा होता. तो म्हणायचा, "हो, उतरतंय."

गव्हाची मळणी चालू असताना नेव्हेंका पुन्हा आली. टेनाच्या दारात उभी राहिली. आदम सावलीत बसलेला होता, त्याच्याकडे एक नजर टाकून तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"कपडे कसले ग हे?" तिनं आत डोकावून विचारलं.

टेनानं सांगितलं. थोडं अभिमानानंच सांगितलं. नेव्हेंकानं दोरीवरचा एक कपडा नाकाशी नेला, चुरगाळून बघितला, आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर. तुझ्या बाबाचा चमत्कार बघायचाय मला."

अंगण भरलेलंच होतं. शिमूननं तिला पाहिलं आणि दाढीवरचा हात थांबला. पण माघार घेणाऱ्यातला नव्हता. "या डॉक्टरीणबाई. कंबर दुखते वाटतं, वाकून वाकून बाटल्या गोळा करताना?"

"माझी नाही," ती म्हणाली. "तुमच्या हंसाची बघा जरा. लंगडतोय."

शिमूनचा हंस म्हणजे गावातला सगळ्यात माजोरडा प्राणी. पोस्टमनसुद्धा पत्रं कुंपणावरून फेकायचा. नेव्हेंकानं त्याला मान धरून बाकावर दाबलं, बाटली उचलली, पाठीवर शिंपडली, आणि चळतीतला वरचा कपडा घेऊन पिसांवरून फिरवला. लालभडक.

"अरेरे," ती म्हणाली. "फार पापी आहे."

आधी एक पोर हसलं, मग सगळं अंगण.

"जनावराला माझी मंतरलेली दारू," शिमून ओरडला, "माता बघते आहे."

"बघू दे. तिलाही कळू दे." तिनं खिशातून आपला रुमाल काढला, त्यावर बाटली शिंपडली. रुमाल ओला झाला, पण पांढराच राहिला. मग तिनं शेजारणीकडून चिमूटभर धुण्याचा सोडा मागून घेतला आणि त्या ओल्या जागी टाकला. रुमाल लाल झाला. "औषधाच्या दुकानात पोट साफ व्हायच्या गोळ्या मिळतात. कुटून दारूत विरघळवल्या तर काही दिसत नाही. कपडा सोड्याच्या पाण्यात बुडवून वाळवला तरी काही दिसत नाही. दोघं भेटले की हा रंग. सोडा भरपूर असला तर रोग भारी. कमी केला तर गुण येतोय. सोडा मुळीच नसला तर माणूस बरा झाला."

टेनाच्या डोळ्यासमोर दोरी आली, बीटापासून गुलाबीपर्यंतची. तिथं नवऱ्याचं काही उतरत नव्हतं. सोडा उतरत होता.

शिमूननं शेवटचा डाव टाकला. "कपडा राहू दे. लोकांना खूण हवी असते म्हणून मी दाखवतो. औषध तर खरं आहे." त्यानं पानांची जुडी तिच्या हातात ठेवली.

नेव्हेंकानं एक पान उलगडलं. आतापर्यंत तिच्या ओठांवर हसू होतं, ते गेलं. तिनं पान परत दुमडलं, पुन्हा उलगडलं. मग शिमूनकडे बघितलंही नाही. टेनाला म्हणाली, "घरी जाऊ या."

घरी आल्यावर तिनं गव्हाच्या पोत्यात हात घातला, मूठभर दाणे मेणकापडावर पसरले आणि बोटानं काही बाजूला सारले. चपटे, तिकोनी, काळपट.

"हे काय?"

"लांडगेपावलाचं बी," टेना म्हणाली. "बांधावरचं तण. गव्हाबरोबर कापलं जातं. कुणाच्या थोडं, कुणाच्या जास्त, पण सगळ्यांच्याच गव्हात असतं."

"पाद्र्याच्या?"

"पाद्री कुठे गहू पिकवतो? तो शहरातून पाव आणतो."

"स्टेशनमास्तर?"

"तोही." टेनाच्या ध्यानात आलं. दोघांच्याही घरात हा रोग कधी आला नव्हता.

"तुझी सासू कुठली ग?"

"डोंगरातली. तिकडे असलं काही नाही." टेनाला नीट आठवलं. सासू परक्या रक्ताची, या घरात लग्न करून आली, या भट्टीतला पाव जन्मभर खाल्ला, आणि नवऱ्यासारखीच गेली. "म्हणजे शाप नाही."

"नाही. जनावरं तोंड लावतात या झाडाला?"

"गाय लांबून वळसा घालते."

"गाईला कुणी स्वप्नात पान दिलं नाही," नेव्हेंका म्हणाली. "हे बीच मूत्रपिंड खातं असं मला वाटतं, पण अजून पुरती खात्री नाही, टेना. शाबीत करायला मला वर्षं लागतील. पण नुसत्या संशयावरही पाव बदलता येतो. गहू निवडून घ्या, बांध उपटा. चूक ठरले तर तुमची मेहनत फुकट जाईल, एवढंच."

टेनाला ते ऐकूच गेलं नाही. ती जुडीकडे बघत होती. वाळल्यामुळे, आणि मातेनं दिलेलं म्हणून, तिनं ओळखलं नव्हतं. आता सकाळच्या काढ्यात भिजलेलं एक पान पातेल्याच्या तळाशी पसरलं होतं, हिरवट, गोलसर, देठाशी खाच पडलेलं. लहानपणापासून विळ्यानं बाजूला ढकललेलं पान.

"हेच का?"

"हेच."

"पावात चिमूटभर. आणि काढ्यात..."

"आजपासून बंद कर," नेव्हेंका म्हणाली.

"म्हणजे मीच त्याला..."

"तू नाही. ज्यानं विकलं त्यानं."

"पातेलं चुलीवर कुणी ठेवलं? कडू लागतो म्हणून तो कप ठेवून द्यायचा. त्याच्या जिभेला कळत होतं. मी मध घातला."

नेव्हेंकानं तिचा हात धरला.

दाराबाहेर आदम सगळं ऐकत होता. तो भिंतीला धरून आत आला, टेनाशेजारी बसला. धाप ओसरू दिली. मग म्हणाला, "मध मात्र चांगला होता ग यंदा."

शिमूनचं काय झालं म्हणता? त्याला कुणी दगड मारले नाहीत. बाटली आणि कपडे गाडीत घालून तो नदीपलीकडे गेला. तिकडचं अंगणही भरलं, आणि त्यात आपल्या गावचीही काही तोंडं होती. हंसाला हसलेलीच.

पण गहू निवडणं सुरू झालं. आधी टेनानं सुरू केलं. दिवसभर ओसरीवर सूप घेऊन बसायची, एकेक काळा दाणा वेचायची. जाणारे विचारायचे, "काय ग, सोनं शोधतेस?" ती म्हणायची, "बसा, तुमचाही द्या निवडून." मग बांध उपटले. आज तुमच्या वयाच्या पोरांचे तळहात तांब्यासारखे का नाहीत, याचं उत्तर एवढंच आहे. त्यासाठी कुणाला स्वप्न पडलं नाही. एका बाईनं वर्षानुवर्षं बाटल्या गोळा केल्या आणि कळेपर्यंत "ठाऊक नाही" म्हणायची लाज बाळगली नाही. तेव्हा पाव्हो, जो तुला सगळं ठाऊक आहे असं सांगतो, त्याला आधी एक विचार: हे तू कशावरून म्हणतोस? तुझ्या रुमालावर करून दाखवशील? आणि तुझ्या पुडीत काय आहे, ते उद्या डॉक्टरला दाखव, मग जिभेवर ठेव.

आणि आदम? अरे, काढा थांबला आणि गडी बघता बघता सुधारला. महिन्याभरात जिना चढला. पुढच्या शरदात पोरीच्या लग्नात असा नाचला की रिंगणातली तरणी पोरं धापा टाकत बाहेर पडली, आणि हा टेनाचा हात धरून पहाटेपर्यंत—

"खोटं बोलतोस, बार्तोल," भट्टीपलीकडे सुपातले दाणे निवडता निवडता म्हातारी टेना म्हणाली. "तो त्या वर्षीचा नाताळही बघू शकला नाही."