तळाची खाच

बकुळेने टाकीचं लोखंडी झाकण दोन्ही हातांनी बाजूला ओढलं, काठावर बसकण मारली आणि खाचा पाडलेला बांबू आत सोडला. तो तळाला टेकल्याचं हाताला कळलं तसा तिने सरळ वर ओढला आणि ओल्या भागावरून अंगठा फिरवला. ओल सगळ्यात खालच्या खाचेच्या एक बोट खाली होती.

"आहे का गं?" कुंपणापलीकडून कौसाबाईने विचारलं. तिच्या काखेत रिकामा हंडा होता, दुसरा पायाशी.

"आटली."

"दोन हंडे दे नुसते. नळ चार दिवस सूं सूं करतोय. टँकर वांगणीच्या नव्या बिल्डिंगींकडे वळवला म्हणतात. घरात पोरीची पोरं आलीत, त्यांना काय कुलरची हवा पाजू?"

"आटली म्हटलं ना, कौसा."

"तुझी टाकी म्हणजे तिजोरी हाय बाय. जाशील तेव्हा किल्ली कमरेला बांधूनच जा, वर कोणी चोरायला नको."

कौसाबाई हंडा आपटत गेली. बकुळेने झाकण ओढून कुलूप लावलं. ओट्यावर श्रद्धा केस विंचरत उभी होती. सून येऊन सहा वर्षं झाली तरी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधली घाई तिच्या बोलण्यातून गेली नव्हती.

"आई, पाणी तर आहे. बांबू ओला निघाला, मी बघितलं."

"आहे. पण नाही."

"हे काय लॉजिक? मावशींची नातवंडं तहानलीत. आपण रोज तो जार आणतोच ना."

बकुळेने कुलूप ओढून पाहिलं. जारचं पाणी ती पीत नसे. तिच्या चहाला, तिच्या भाताला टाकीचंच पाणी लागे, आणि अलीकडे घरात टाकीचं पाणी लागणारी ती एकटीच उरली होती.

टाकी हरिचंद्राने बांधली होती. नऊ फूट लांब, सहा फूट रुंद, पुरुषभर खोल. दगड मागच्या टेकाडावरचे, चुना बदलापूरच्या बाजारातून बैलगाडीने आणलेला. त्या वर्षी बकुळा पोटुशी होती आणि दगडांची पाटी उचलायला तिला बंदी होती, म्हणून ती काठावर बसून त्याला हाका मारायची, सूत धरायची, चुन्यात पाणी घालायची. आषाढात छपराचं पहिलं आठवडाभराचं पाणी वाहू द्यायचं, पत्र्यावरची धूळ, पाला, पाखरांची घाण जाऊ द्यायची, मग पन्हळीचं तोंड टाकीकडे वळवायचं. ते वळवलं की आत जो घुमणारा आवाज सुरू होई त्याने तिला झोप लागत असे. दिवाळीपर्यंत टाकी काठोकाठ. प्यायला आणि रांधायला मेअखेर पुरायचं. बाकी सगळं विहिरीवर.

बांबूवर खाचा हरिचंद्रानेच पाडल्या होत्या. सगळ्यात खालची तळापासून चार बोटांवर. ती पाडून झाल्यावर त्याने बांबू तिच्या हातात दिला होता.

"ही खाच उघडी पडली की आपल्याकडे पाणी नाय. कोणी विचारलं तर आटली म्हणायचं. आपण एकमेकांना विचारलं तरी आटलीच. पाऊस डोळ्यांनी दिसेपर्यंत."

दुसऱ्याच वर्षी आषाढ कोरडा गेला. आसपासच्या पाड्यांवर हगवण लागली, वहाळातल्या डबक्याचं पाणी पिऊन दोन लेकरं गेली. ह्या घरात अकरा दिवस तळाचं पाणी पुरलं आणि वर्षाचा जितेश वाचला. तेव्हापासून त्या खाचेबद्दल घरात कोणी वाद घातला नव्हता.

जितेश अंबरनाथच्या एमआयडीसीतून रात्रपाळी करून नऊच्या सुमारास आला. बाईक लावली, बूट ओट्याखाली सारले आणि तिथेच बसून श्रद्धाने दिलेला चहा प्यायला. बकुळा सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. चहा संपला तरी तो उठला नाही, म्हणजे काही तरी बोलायचं आहे, हे तिला कळलं.

"आये, सोमवारी गवंडी येतोय. दौलतराव. बदलापूरचा."

"स्लॅब झाला ना आता? आणखी काय राहिलं?"

"संडासची टाकी."

मागे दोन खोल्या चढल्या होत्या. आत पांढऱ्या फरशीची मोरी, कमोड, सगळं बसवून झालं होतं. फक्त मैला जायला जागा नव्हती. खाली कातळ. कातळ फोडायचं यंत्र बोळातून आत येत नव्हतं.

"मग कुठं खणणार?"

जितेशने कपातला गाळ अंगणात फेकला. "खणायला कशाला पाहिजे? तयार आहे ना."

बकुळेचा हात सुपात थांबला. मग पुन्हा चालू झाला. तिने एक खडा काढला, बाजूला ठेवला.

"त्यात मी पिते," ती म्हणाली.

"आता नळ आलाय, आये."

"चार दिवस आला नाय. कौसा आत्ताच रडून गेली."

"येईल. लाइन मोठी करतायत. आणि जार आहे. शेजारच्या फार्महाउसवाल्यांना विचार, ते लोक पावसाचं पाणी झाडांनापण घालत नाहीत. पत्र्यावर काय काय पडतं आता. एमआयडीसीचा धूर इथपर्यंत येतो. मी तिथं काम करतो, मला माहीत आहे त्यात काय असतं."

"एक पावसाळा थांब."

"गेल्या वर्षी हेच म्हणालीस."

"एक पावसाळा, जितू. माझा काय भरवसा. मी गेले की भर त्यात काय भरायचं ते."

श्रद्धा आतून म्हणाली, "असं नका बोलू हो आई. ते मुद्दाम थोडीच करतायत. माझं ऑपरेशन झाल्यापासून मला परसात जायला किती त्रास होतो, तुम्ही बघता ना."

ते खरं होतं. पहाटे अंधारात श्रद्धा पोट धरून टेकाडाआड जाताना बकुळेने पाहिली होती, आणि दोनदा तिच्यासोबत बॅटरी घेऊन गेलीही होती. तिने तांदळावरची नजर उचलली नाही.

"टाकीत पाणी आहे अजून," ती म्हणाली. "भरल्या पाण्यात घाण सोडत नाहीत."

जितेश हसला. पण ते हसू नीट उमटलं नाही.

"भरल्या? आत्ता कौसामावशी बोळात भेटली मला. म्हणाली, तुझी आई म्हणते आटली. आटली ना? मग रिकामीच आहे."

"तुला ठाऊक आहे तसं का म्हणतात."

"ठाऊक आहे. मला चांगलं ठाऊक आहे, आये."

आवाज चढला नव्हता. तरी श्रद्धा दारात येऊन उभी राहिली.

"बाबा गेले तेव्हा आत किती होतं?"

पंधरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो मे महिना बकुळेला दिवसादिवसाने आठवत होता. हरिचंद्राची कावीळ उतरत नव्हती. विहीर तळाला गेली होती, टँकर तिसऱ्या दिवशी येई आणि घरटी एक पिंप देई. त्याच्या अंगाची आग व्हायची. तो खाटेवर कूस बदलत राही. एका दुपारी त्याने तिचा हात धरला होता. "अंगावर दोन हंडे ओत गं. डोक्यावरून. एकदाच." ती अंगणात गेली, बांबू सोडला, वर काढला. खाच उघडी पडली होती. परत येऊन तिने ओला पंचा त्याच्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, "आटली." त्याने तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. पुन्हा मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी गेला.

तो समजूनच गेला की टाकी कोरडी आहे. एवढ्याच एका गोष्टीवर तिने पंधरा वर्षं काढली होती. त्याला वाटलं असेल, बायको तरी काय करणार.

"सत्तावीस हंडे होते," जितेश म्हणाला. "बाराव्याच्या दिवशी आभाळ भरून आलं. तू म्हणालीस, जुनं पाणी उपस, नव्यात मिसळायला नको. मीच उपसले. तू अळवाला घालायला सांगितलेस."

"नवं पाणी येणार होतं."

"हो."

"तेव्हा कुणाला ठाऊक पाऊस वेळेवर येईल म्हणून. महिना लांबला असता तर? तू होतास, तुझी आजी होती. तुझ्या बाबांना तर वाटलं आटलीच..."

"त्यांना काही वाटलं नाही. त्यांना माहीत होतं."

बकुळेने मान वर केली.

"खाच त्यांनीच पाडली होती ना, आये? त्यांना माहीत नसणार? त्या संध्याकाळी मी कामावरून आलो, त्यांचे पाय हातात घेतले तर नुसते निखारे. मी म्हटलं, मी टाकी बघतो, किल्ली घेतो. त्यांनी मनगट धरलं माझं. म्हणाले, तळाला आहे. काढू नको. तुझी आई नाय म्हणालीय, तिला खोटं पाडू नको."

अंगणात कुठे तरी पत्रा उन्हाने कुरकुरला. श्रद्धाने पदराने नुसतंच नाक पुसलं आणि ती आत गेली.

बकुळा सुपातले तेच मूठभर तांदूळ ह्या बाजूचे त्या बाजूला करत होती. मग तिने विचारलं, "तेव्हा का नाय बोललास?"

"त्यांनी सांगितलं होतं ना."

"आणि मग इतकी वर्षं ते पाणी प्यायलास कसा?"

"दुसरं कुठं होतं घरात?"

तो उठला, शर्टाची बटणं सोडत मोरीकडे गेला. बकुळेने सूप उचललं आणि चुलीपाशी नेऊन ठेवलं. त्या दिवशी भात जारच्या पाण्यात शिजला. तिने तो सगळ्यांबरोबर बसून खाल्ला.

रविवारी नळ आला, चांगला जोरात, तासभर. गल्लीत सगळ्यांची पिंपं भरली. कौसाबाईने कुंपणापलीकडून ओरडून सांगितलं, "झाले गं माझे, तुझं राहू दे तुलाच!" टाकीच्या तळातलं पाणी कुणालाच नको होतं. जितेशने शेजारच्या फार्महाउसवरून पंप आणला, नळी आत सोडली आणि बटण दाबलं. दहा मिनिटांत पाणी बोळातल्या गटाराला लागलं. मोजण्यासारखं काही राहिलं नाही.

सोमवारी दौलतराव शिडीने आत उतरला. मागच्या खोल्यांकडून येणाऱ्या पाइपासाठी भिंतीला भोक पाडायचं होतं. त्याने छिन्नी लावली, घण घातला. घण उसळून परत आला. पुन्हा घातला. आतून त्याचा आवाज आला, "जितूशेठ, हे काय बांधकाम आहे? सिमेंट परवडलं. चुन्यात काय घालत होते तुमचे लोक? दिवस जाईल एवढ्यात."

जितेश काठावर वाकून पाहत होता. बकुळा ओट्याच्या पायऱ्या एकेक उतरली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून वाकली आणि आत पाहिलं. टाकी अशी पूर्ण कोरडी तिने कधी पाहिली नव्हती. पावसाआधी धुताना पाहिलेली, पण तेव्हा ओल असायची.

"तिथं नको मारू," तिने खाली हाक दिली. "मागच्या कोपऱ्यात बघ. डाव्या. तळापासून हातभर वर."

"इथं?"

"आणखी थोडं वर. हां. तिथला सांधा कच्चा आहे. तो दगड ते बसवत होते आणि मला कळा सुरू झाल्या. तसंच टाकून वर धावत आले. मग ते काम तसंच राहिलं."

जितेशने तिच्याकडे पाहिलं. ती खाली पाहत होती.

दौलतरावाने जागा बदलली. पहिल्या घावाला चुना पडला. तिसऱ्याला दगड हलला. धूळ वर येऊ लागली तशी जितेश म्हणाला, "आये, आत जा, ठसका लागेल."

बकुळेने पदर नाकाला लावला आणि दगड सुटून खाली पडेपर्यंत तिथेच उभी राहिली.