हश्मत आगाला उकरून काढलं

शेमशकच्या खोऱ्यात हश्मत आगाच्या तोंडून स्वतःचं कौतुक ऐकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. तरुणपणी तो देशाच्या संघातून स्की करायचा. त्याला कितीतरी वर्षं लोटली होती, पण त्याच्या मते त्यानंतर त्या डोंगरावरून कुणी नीट उतरलंच नव्हतं. विजेच्या पाळण्यात बसून वर जाणाऱ्यांना तो सामान म्हणायचा. शुक्रवारच्या सुट्टीला तेहरानहून येणारे तर त्याच्या हिशेबी सामानाहून खालचे. "हे स्की करत नाहीत," तो म्हणायचा, "हे उतारावर सांडतात."

तरीही पाळण्यापलीकडच्या कोऱ्या बर्फात लोकांना तोच घेऊन जायचा. एक तर लांडग्याच्या घळीची वाट त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. दुसरं म्हणजे घरी बसलं तर नावं ठेवायला मोठी बहीण एशरत तेवढी उरायची, आणि ती ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती.

त्या शुक्रवारी तिघं आली. दातांचा डॉक्टर कियूमर्स, त्याची बायको लादन आणि त्यांची मैत्रीण मंदाना. मंदाना पन्नाशीची, ठेंगणी, अंगानं भरलेली. तेहरानात ती बायकांना मोटार चालवायला शिकवायची.

"म्हणजे दिवसभर पाय ब्रेकवर," हश्मत म्हणाला. "डोंगरावर ब्रेक नसतो, बाई."

मंदानानं पिशवीतून मुठीएवढं एक यंत्र काढलं. "हे गळ्यात घाला, हश्मत आगा. बर्फाखाली गेलात तर इशारे देत राहतं, ते दुसऱ्यांच्या यंत्रांवर कळतात. आमच्या तिघांकडं आहेत, तुमच्यासाठी एक जास्तीचं आणलंय."

"बकरीला बांधा. ती हरवते, मी नाही."

"मग आम्ही येत नाही."

ती खरंच बुटांचे पट्टे सोडायला खाली बसली. चुलीपाशी रोटी शेकणारी एशरत तिथूनच कडाडली, "घाल रे मुकाट्यानं! जन्मात तुझ्या गळ्यात पडायला कुणी तयार झालं नाही, हे तरी पडू दे!"

हश्मतनं ते घातलं, पण कोटाच्या आत. गावातल्या रोटीच्या भट्टीसमोर बसणाऱ्या टोळक्याला दिसू नये म्हणून गळ्यापर्यंत बटणंही लावली.

मागं घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून ती चौघं चढू लागली. हश्मत पुढं, आणि त्याचं तोंड त्याच्याही पुढं. "लादनबाई, चालताय की कणीक तिंबताय?" "डॉक्टर, एवढं सामान! वर दवाखाना काढायचाय का?" लादन दोनदा रडकुंडीला आली. कियूमर्स ओशाळं हसत राहिला. मंदाना हसलीही नाही आणि चिडलीही नाही. नवशिक्या बाईनं गाडी गटारात घातली तरी चेहऱ्यावरची रेघ हलू न देणारी ती. हश्मतला तिचं तेच सगळ्यात जास्त खुपलं.

घळीच्या वरच्या तोंडाशी पोचल्यावर मंदानानं फावडं काढलं आणि कडेला कंबरभर खड्डा खणला. हातमोजा काढून तिनं थर चाचपले.

"बटाटे लावताय?" हश्मतनं विचारलं.

"वरचा थर खालच्याला धरून नाही. वाऱ्यानं आणून टाकलेलं बर्फ आहे. आपण घळ सोडून कडेच्या दांड्यावरून उतरू या."

खरं सांगायचं तर हीच शंका हश्मतला वाटेतच आली होती. पायाखाली बर्फ पोकळ वाजलेलं त्यानं ऐकलं होतं. ती गप्प राहिली असती, तर तो स्वतःच दांड्याकडं वळला असता आणि वर तिघांना चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण आता दांड्यावरून जायचं म्हणजे मोटार शिकवणाऱ्या बाईचं ऐकून जायचं.

"तुम्ही जा दांड्यावरून," तो म्हणाला. "तिथून बघायला बरं पडेल."

"हश्मत आगा, नका जाऊ."

तो गेला. पहिली दोन वळणं त्याच्या तरुणपणातल्यासारखी सुरेख उमटली. तिसऱ्याला त्याच्या वर कुठंतरी जाड कापड टरकावं तसा आवाज झाला आणि अख्खा उतार पायाखालून निसटला.

घसरण थांबली तेव्हा सगळीकडं काळोख होता. बोटसुद्धा हलत नव्हतं. एक हात तोंडापुढं आला होता, म्हणून श्वासापुरती जागा तेवढी राहिली होती. देव आठवावा, आई आठवावी, तर हश्मतच्या मनात आलं: मेलो आता, आणि कुणाच्या भरवशावर तर या सांडणाऱ्यांच्या! लादन किंचाळत असेल. दातवाला फोन हलवत रेंज शोधत असेल. आणि ती... ती काय करत असेल, ते त्याला नीट दिसेना. गळ्यातलं ते यंत्र छातीत रुतत होतं. त्याचा त्याला आधार वाटला आणि आधार वाटल्याचा संतापही आला. मग दोन्ही विरत गेलं.

मांडीत काहीतरी टोचलं. बर्फाखालचा माणूस शोधायची लांब सळई. वरून मंदानाचा आवाज आला, शांत, गाडीत सूचना देतात तसा. "इथंच. लादन, उताराच्या खालच्या बाजूनं खण. कियूमर्स, तू माती, म्हणजे बर्फ, मागं लोट. घाई नको. हां, असंच."

तोंडावरचं बर्फ निघालं. उजेड डोळ्यात घुसला. लादनचा चेहरा घामानं आणि अश्रूंनी भिजला होता, पण तिचे हात थांबले नव्हते. हश्मतनं दोन-तीनदा हवा ओढली, खोकला आणि म्हणाला,

"फावडं... असं धरतात होय?"

लादन मटकन बसली आणि हसता हसता हुंदके देऊ लागली. मंदाना हसली नाही. तिनं त्याच्या नाकातलं बर्फ बोटानं काढलं, मान चाचपली, गुडघा दाबला. तो ओरडला.

"गुडघा गेलाय," ती म्हणाली. "याच्यावर उभं राहायचं नाही."

त्यांनी स्की एकमेकींना बांधून घसरगाडी केली, त्याला आपल्या कोटांत गुंडाळून तिच्यावर दोरानं आवळलं आणि दांड्याच्या कडेनं खाली ओढत नेलं. सगळी वाट हश्मत बोलत होता. गाठ चुकीची आहे. डावीकडून घ्या म्हटलं ना. डॉक्टर, गाढवं बरी ओढतात. तिघं ओढत राहिली.

गावाची पहिली घरं दिसली तसा तो गडबडला. "इथं थांबवा. इथून मी चालत जातो."

"नाही."

"बाई, गाव बघेल!"

मंदाना थांबली. दोर तिच्या खांद्यात रुतला होता, ओठ फुटले होते. ती वळली आणि तिनं त्याच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. निरुपयोगी म्हणून टाकून दिलेल्या वस्तूकडं बघावं, तशी ती बघत होती. ही नजर हश्मतला चांगली ओळखीची होती. फक्त आजवर ती त्याच्याकडून निघायची, त्याच्यावर कधी पडली नव्हती.

"बघू दे," ती म्हणाली आणि पुन्हा ओढू लागली.

गावानं बघितलं. भट्टीसमोरचं टोळकं हातातल्या रोट्या विसरून उभं राहिलं. एशरत धावत आली, तिनं कपाळ बडवलं, मंदानाचे दोन्ही हात धरून चुंबले. मग भावाकडं वळली. "आभार मानलेस का यांचे?"

"वळणावर मला भिंतीला घासलं यांनी," हश्मत म्हणाला.

एशरतनं सगळ्या गावादेखत त्याला एक शिवी हासडली. ती इथं लिहिण्यासारखी नाही, पण गाव ती अजून मजेनं सांगतं.

पुढच्या आठवड्यात मंदानाचा फोन आला. हश्मत पाय प्लास्टरमध्ये घालून गादीवर पडला होता. "नाही म्हणून सांग," तो कुजबुजला.

"घरी नाही म्हणतोय," एशरतनं फोनमध्ये सांगितलं आणि फोन त्याच्या छातीवर टाकून ती अंगणात निघून गेली.

"गुडघा कसा आहे?" मंदानानं विचारलं.

"आहे जागेवर."

"बरं. काळजी घ्या."

ती ठेवणार, हे त्याच्या लक्षात आलं. आभार मानायचे राहिले होते. ते शब्द बाहेर काढायची सवय त्याच्या जिभेला नव्हती, म्हणून त्याच्याकडं देण्यासारखं जे एकच होतं, ते तो घाईघाईनं बोलून गेला. "या शुक्रवारी उत्तरेच्या अंगाला जाऊ नका. वारा फिरलाय. मी इथून बघतोय."

"आम्ही बघितलंय ते," ती म्हणाली. "पूर्वेकडून जाणार आहोत. गावातल्या दुसऱ्या एकाला बरोबर घेतलंय."

"कुणाला?"

तिनं नाव सांगितलं. हश्मतनंच शिकवलेला पोरगा होता तो, आणि हश्मतनंच त्याला चारचौघांत सामान म्हटलं होतं.

"तो..." हश्मतनं सुरुवात केली. नेहमीचे सगळे शब्द जिभेवर रांगेत उभे होते. ते तसेच उभे राहिले. "तो नीट नेईल," तो म्हणाला.

"माहीत आहे," मंदाना म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

एशरत चहा घेऊन आत आली, तेव्हा तो अजून फोन कानाला लावून बसला होता. तिनं पेला पुढं केला. त्यानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "गार आहे."

चहा वाफाळत होता. एशरतनं पेला त्याच्या हातातून काढून घेतला, त्याच्यासमोर बसून सावकाश सगळा स्वतःच प्यायला आणि रिकामा पेला घेऊन परत चुलीकडं गेली.