दोर बांधल्याची वेळ

डॉक्टरांनी मला एकच गोष्ट विचारली, "मांडीला दोर बांधून किती वेळ झाला?" मी बेधडक सांगितलं, "तीन तास." खरे सहा झाले होते.

एकाहत्तर साल. त्या सकाळी पालीच्या किनाऱ्यावरून होडी घेऊन आम्ही दोघंच गेलो होतो, मी आणि माझा थोरला भाऊ ज्युलियस. जाळं ओढायला घेतलं आणि इंजिनाच्या फिरत्या दांड्यात दोर गुंतला, दोरात ज्युलियसचा पाय. पोटरीच्या मध्यावर तुटलाच. मी मांडीला दोर आवळून रक्त थांबवलं. इथवर मी शहाणा.

मग जाळं कापून निघायचं, तर माझी बुद्धी फिरली. जाळं महागड्या घोळ माशांनी गच्च भरलं होतं, आणि असं जाळं वर्षात एखाद्याच वेळी लागतं. ज्युलियस बेशुद्ध, मला शिव्या घालायला कोणी नाही. मी एकट्याने सगळं जाळं ओढलं. दोर गुंतून इंजिन बंद पडलं होतं, म्हणून मग शीड लावलं.

"तीन तास असतील तर गुडघा वाचवून बघू," मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. "जास्त झाले असते तर मांडीतूनच कापावा लागला असता." मला वाटलं, आपल्या थापेने भावाचा गुडघा वाचला. मनात चक्क बरं वाटलं, हे लिहायलाही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात ज्युलियसची लघवी बंद झाली. अंगात ताप, नाका-हातात नळ्या. डॉक्टर बाहेर येऊन मला आणि कॉनीवहिनीला म्हणाले, "तीन तासांत मांस एवढं मरायला नको. विष रक्तात जातंय. आणखी एक दिवस वाट बघू."

तो दिवस ज्युलियसकडे नव्हता, हे मला समजत होतं. तरी मी माझ्या चपलांकडे बघत बसलो. मी भित्रा आहे, हे मला त्या बाकावर कळलं.

मुंबईच्या माणसांपुढे कधी तोंड न उघडणारी वहिनी उठून उभी राहिली. "तीन न्हाय, डॉक्टर. होडी मी रिकामी केली. म्हावरं वर होतं, रगत खाली. पाय तुटल्यावर यानं जालं वडलंय. एकट्याला तेवढं जालं वडायलाच तीन तास लागतात, हितवर यायचं येगळं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तासाभरात त्यांनी पाय मांडीतून कापला.

मी माफी मागायला लागलो तेव्हा वहिनी म्हणाली, "मला पयल्या दिवसापासून ठाव हाय, टोनी. तू सांगशील म्हणून गप बसले. घरचं घरात र्‍हावं, असं बी वाटलं. ते माझं पाप. तो उठला की माझं मी सांगीन, तुझं तू सांग."

पाचव्या दिवशी ज्युलियसने डोळे उघडले. वहिनी आत गेली आणि आपलं सगळं सांगून रडत बाहेर आली. मी नर्सला विचारलं, भेटीची वेळ संपली का. ती म्हणाली, अजून वीस मिनिटं आहेत. मी म्हणालो, मग उद्या येतो.

सात वर्षं झाली, माझं सांगायचं अजून राहिलंय. ज्युलियस कुबड्या टेकत अंगणात बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "आमच्या टोनीनं दोर बांधला म्हणून मी वाचलो." माझ्यासमोर सांगतो. सांगून झालं की माझ्याकडे बघत जरा थांबतो.