भेगेवरची पट्टी

त्यांना गल्लीत सगळे मिस्त्रीच म्हणायचे, बायकोसुद्धा. चाळीस वर्षं गवंडीकामात गेली. भिंतीला भेग पडली की लोक त्यांना बोलावत. ते भेगेवर आडवी प्लास्टरची पातळ पट्टी ओढत, पेन्सिलीने तारीख घालत आणि सांगत, "पट्टी तडकली तर भेग जिवंत, अजून वाढतेय. तोवर भिंतीला हात लावू नका."

तेच मिस्त्री आज डॉक्टरीणबाईंपुढे हटून बसले होते. सुईने काढलेल्या तुकड्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता.

"काका, पेशी कशा दिसतात, रक्तातला आकडा किती, गाठ केवढी, हे जुळवून आम्ही अंदाज बांधतो," बाई म्हणाल्या. "तुमच्यासारख्या शंभरांत सत्त्याण्णव जणांचा कॅन्सर दहा वर्षांत हाडापर्यंत जात नाही. ऑपरेशन केलं तर लघवीवरचा ताबा सुटू शकतो. सध्या लक्ष ठेवू."

"आणि उरलेले तीन? मी त्यांतला नाही कशावरून?"

"ते छातीठोकपणे नाही सांगता येणार."

"मग काढूनच टाका. एकदाची कटकट जाऊ दे."

घरी आल्यावर बायकोने चहा ठेवला. मोरीच्या वरच्या भिंतीवर त्यांनीच ओढलेली पट्टी होती, लग्नानंतरच्या पाचव्या वर्षातली. तेव्हा ती भांडी घासताना धास्तावून तिकडे बघायची. आता तारीख पुसट झाली होती. पट्टी मात्र अखंड.

"मी तेव्हा म्हटलं होतं, भिंत पाडा," ती म्हणाली. "तुम्ही हसलात मला."

"ती भिंत होती गं."

"हो, आणि तिच्याखाली मी होते, दोन पोरं घेऊन."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला.

"शाळेच्या कमानीची पट्टी तडकली होती," ते हळूच म्हणाले. "मी बघायला दोन महिने उशिरा गेलो. कमान आधीच खाली आली होती. सुट्टी होती म्हणून निभावलं."

इतक्या वर्षांत हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. ती जवळ येऊन बसली.

"म्हणजे पट्टी खोटी नव्हती."

"नाही. माणूस चुकला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना फोन करून पुढच्या तपासणीची तारीख विचारून घेतली. मग जुन्या पट्टीपाशी उभे राहिले आणि कानामागची पेन्सिल काढून बायकोच्या हातात दिली.

"तूच घाल तारीख. मी उशीर करतो."

"मोठ्या अक्षरात घालते," ती म्हणाली. "भांडी घासताना चष्मा नसतो मला."